वजन उतरवायचंय? मग फक्त मुलाच्या मागे लागा

मुलाचं वजन वयाच्या मानाने जास्त आहे अशी शंका आली, तर पहिली खबरदारी म्हणजे ते मोजू नका. नजरेने ठरवा. वर्गातली आणखी चार मुलं त्याच अंगाची निघाली की तुमचं मूल आपोआप बेताचं दिसू लागतं. कुणी मोजायलाच लावलं तर मोठ्या माणसांचा नियम लावा: बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, २५च्या आत म्हणजे सगळं आलबेल.

समजा मुलगा आठ वर्षांचा आहे, उंची १३० सेंटिमीटर, वजन ३४ किलो. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की २०.१ येतात. पंचवीस किती लांब राहिले! मिटला विषय. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात मात्र आठ वर्षांच्या मुलग्यासाठी १७.४च्या पुढे जादा वजन आणि १९.७च्या पुढे लठ्ठपणा धरला आहे, कारण मुलांचा बीएमआय वय आणि लिंग पाहूनच वाचायचा असतो. पण तो तक्ता उघडायला सांगितलंय कुणी? ५ ते १९ वर्षांच्या मुलांसाठीचा हा तक्ता २००७ पासून आहे. आजवर तुमच्यावाचून त्याचं काही अडलेलं नाही.

उंची मोजताना सढळ हाताने मोजा. पायात बूट असू द्या, हनुवटी वर, टाचा भिंतीपासून सुटलेल्या, डोक्यावरची पट्टी जरा तिरकी. उंची दोनच सेंटिमीटर जास्त भरली तरी २०.१चे १९.५ होतात आणि एक ग्रॅमही न उतरवता मूल लठ्ठपणाच्या रेषेखाली येतं. अनवाणी उभं करायचं, टाचा, नितंब आणि पाठ भिंतीला टेकवायची, नजर समोर, डोक्यावर पुस्तक काटकोनात धरून खूण करायची, हा खटाटोप दवाखान्यातल्यांना करू द्या. वजनकाटा मात्र रोज वापरा, तोही सगळ्यांसमोर. पाणी, जेवण आणि शौच यांच्या हिशोबाने वजन रोजच थोडं खाली-वर होतं, त्यामुळे रोज शाबासकी किंवा बोलणी यांपैकी एकाची सोय होते. महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर, त्याच वेळी, हलक्या कपड्यांत वजन करून वहीत लिहिलं तर त्यातून कल दिसू लागतो. कल दिसला की काहीतरी करावं लागतं.

पुढचं काम खापर फोडण्याचं. थायरॉइड यासाठी उत्तम. हार्मोनच्या आजारामुळे वाढलेलं वजन मुलांमध्ये क्वचितच आढळतं आणि अशा आजारांत बहुधा उंची खुंटते. नुसतंच वजन जास्त असलेली मुलं उलट वयाच्या मानाने उंच असतात. तेव्हा मूल रांगेत शेवटी उभं राहत असेल तर बेधडक थायरॉइड म्हणा. आणि उंची खरोखरच थांबली असेल, वजन तेवढं वाढत असेल, म्हणजे तपासणी खरंच हवी असेल, तेव्हा म्हणा, ‘आमच्या घराण्याची ठेवणच बुटकी.’

शरीर स्वतःहून निरोप धाडत असतं, तेही परतवता येतात. मानेच्या मागे आणि काखेत काळपट, जाडसर, हाताला मखमलीसारखा लागणारा पट्टा दिसला की तो मळ आहे असं समजून वजरी घ्या. डॉक्टर त्याला अकँथोसिस नायग्रिकन्स म्हणतात. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याची ती खूण असू शकते आणि रक्तातली साखर, यकृत, कोलेस्टेरॉल तपासायला तेवढं कारण पुरतं. मळ नसल्यामुळे तो घासून निघत नाही, म्हणून पुढच्या रविवारी आणखी जोरात घासा. मूल घोरत असेल तर ‘काय गाढ झोपतो’ म्हणून कौतुक करा. घोरता घोरता मध्येच श्वास अडकतो, मग दचकल्यासारखा तो सुरू होतो आणि दिवसा वर्गात मूल पेंगतं. या शेवटच्या भागाला आळस म्हणता येतं. (एका गोष्टीपुरती थट्टा बाजूला ठेवू. जादा वजनाचं, वयात येऊ लागलेलं मूल मांडी किंवा गुडघा दुखतो म्हणत लंगडत असेल, तर मांडीच्या हाडाचा वरचा गोळा खुब्यापाशी सरकलेला असू शकतो. दुखणं खुब्याचं आणि कळ गुडघ्यात, त्यामुळे एक्स-रे भलत्याच जागेचा निघतो. त्याला चालवू नका, त्याच दिवशी दाखवा.)

आता मुख्य कार्यक्रम. पथ्य फक्त मुलाला लावा. त्याचं ताट वेगळं, उकडलेलं, बिनचवीचं. बाकीच्यांचं नेहमीसारखं, आणि दोन्ही एकाच टेबलावर. तो बघत असताना त्याच्या भावाला दुसऱ्यांदा वाढा, कारण भाऊ बारीक आहे. घरात काय आणायचं हे न ठरवणारा, पैसे न देणारा आणि गॅस न पेटवणारा घरातला एकमेव माणूस म्हणजे हे मूल, त्यामुळे जबाबदारी त्याच्यावर टाकणंच रास्त. लिओनार्ड एपस्टाइन यांच्या गटाने १९९० साली छापलेल्या अभ्यासात दहा वर्षांनंतरचा हिशोब मांडला होता. ज्या कुटुंबांत मुलाबरोबर पालकालाही सवयी आणि वजन बदलायला लावलं होतं, तिथल्या मुलांचं सर्वांत चांगलं चाललेलं निघालं. असले अभ्यास घरात आणू नका. तुमचं पोट, तुमचं शीतपेय आणि रात्री अकराचं तुमचं फ्रिज उघडणं उगाच चर्चेत येईल.

खाण्यावर कडक पहारा ठेवा, पिण्याकडे बघूसुद्धा नका. ३३० मिलिलिटरच्या कोलाच्या कॅनमध्ये साधारण ३५ ग्रॅम साखर असते, म्हणजे आठ-नऊ चहाचे चमचे. तो बंद केल्याचं समाधान मिळालं की त्याच्या जागी फळांचा रस सुरू करा. संत्र्याच्या २०० मिलिलिटर रसात साखर सुमारे १७ ग्रॅम, आणि त्यासाठी तीनेक संत्री पिळावी लागतात. तीच संत्री सोलून खायला दिली असती तर मूल बहुधा दुसऱ्यावरच थांबलं असतं, शिवाय चोथाही पोटात गेला असता. म्हणून पिळाच. रसातली आणि मधातली साखरही जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेल्या साखरेबरोबरच मोजते. मर्यादा दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत, जमल्यास ५ टक्क्यांच्या. दिवसाला १६०० कॅलरी लागणाऱ्या मुलाला याचे अनुक्रमे ४० आणि २० ग्रॅम होतात. एक ग्लास रसाने खालची मर्यादा जवळपास गाठली. उरलेलं काम दुधातली पावडर करेल.

ही पावडर म्हणजे पालकांच्या मनःशांतीसाठी काढलेलं उत्पादन. डब्यावर उंच होत चाललेलं मूल छापलेलं असतं, तेच पाहा. डबा फिरवू नका. मागच्या बाजूला घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, म्हणजे साखर पहिल्या दोन-तीन नावांत असेल तर तुम्ही मुख्यतः काय विकत घेतलंय ते कळतं. चतुर उत्पादक ती वाटून टाकतो: थोडी साखर, थोडं ग्लुकोज सिरप, थोडं डेक्स्ट्रोज, थोडा आटवलेला फळांचा रस. प्रत्येक नाव यादीत खाली सरकतं, बेरीज तेवढीच राहते. ‘दर सर्व्हिंगला’ असा रकाना असेल तर तोच वाचा, कारण ते सर्व्हिंग सपाट चमच्याचं असतं आणि तुमच्या घरी चमचा शिगोशीग भरतात. ‘दर १०० ग्रॅमला’ हा रकाना दोन डब्यांची खरी तुलना करू देतो, तो टाळावा.

बंदी घालायची तर दिसेल अशी घाला. चिप्स आणि चॉकलेटं काचेच्या बरणीत, फडताळाच्या वरच्या कप्प्यात, नजरेसमोर पण हाताबाहेर. जेनिफर फिशर आणि लीन बर्च यांनी १९९९ साली लहान मुलांवर केलेल्या प्रयोगांत समोर दिसणाऱ्या, पण मनाई असलेल्या खाऊबद्दल मुलं जास्त बोलू लागली आणि तोच जास्त मागू लागली. तो खाऊ घरात आणलाच नाही तर पहारा ठेवावा लागत नाही, हे फारच सोपं आहे, म्हणून विचारात घेऊ नका. त्याच वस्तू बक्षीस म्हणूनही वापरा. ‘भाजी संपव, मग चॉकलेट’ या एका वाक्यात भाजी ही शिक्षा असते आणि चॉकलेट हा पगार, हे मुलाला कायमचं कळतं. नवी भाजी एकदा वाढा. थुंकली की ‘त्याला आवडत नाही’ असा शिक्का मारा. ती आवडायला आठ-दहा, कधी पंधरा वेळाही समोर यावी लागते, दर वेळी चमचाभर, आग्रह न करता. इतका धीर असता तर तुम्ही हा लेख वाचत नसता.

ताट मोठं घ्या, तुम्हीच वाढा, आणि शेवटचा घास संपेपर्यंत उठू देऊ नका. २०००मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तीन वर्षांच्या मुलांनी ताटात जास्त वाढलं तरी साधारण आपल्या भुकेइतकंच खाल्लं. पाच वर्षांची मुलं मात्र जास्त वाढलं की जास्त खाऊ लागली. पोट भरलं की थांबायची जी समज मूल घेऊन येतं, ती मोडायला थोडीच वर्षं लागतात, आणि ‘आता एकच घास’ हे त्याचं सर्वांत स्वस्त साधन आहे. काय, कधी आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवावं, किती हे मुलाने ठरवावं, अशी वाटणी आहारतज्ज्ञ एलिन सॅटर सुचवतात. तुम्ही ती उलटी करा: काय आणि कधी ते मूल ठरवेल, किती ते तुम्ही. भरवताना हातात मोबाइल द्या, म्हणजे तोंड आपोआप उघडतं आणि पोट भरल्याची जाणीव होण्याआधी ताट संपतं.

व्यायाम शिक्षा म्हणून द्या. ‘चिप्स खाल्लेस ना, आता मैदानाला दहा फेऱ्या.’ हिशोब कुणी करत नाही हे बरंच आहे. ३० ग्रॅमच्या पाकिटात साधारण १६० कॅलरी असतात, आणि ३० किलोचं मूल तासभर बेताच्या चालीने चाललं तर सुमारे ९० खर्च होतात. पाकीट पाच मिनिटांचं, भरपाई पावणेदोन तासांची. पळून खाणं फेडता येत नाही. पण ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवीच, वजन कितीही असो, आणि ती एका दमात करायची गरज नाही. पकडापकडी, सायकल, नाच, जिने सगळं धरलं जातं. मुलाला आवडणारा खेळ बंद करून त्याला ट्रेडमिलवर उभं करा, म्हणजे धोका टळेल.

झोपेचं फार मनावर घेऊ नका. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते आणि कमी झोपणाऱ्यांची भूक व वजन वाढतं, हे खरं. पण मालिका साडेदहाला संपते, त्याला इलाज नाही.

बोलण्यात हात आखडता घेऊ नका. टोपणनाव ठेवा, पाहुण्यांसमोर त्याच नावाने हाक मारा, कपडे घेताना दुकानदाराला मोठ्याने म्हणा, ‘याच्या मापाचं आहे का काही?’ घरात वजनावरून चिडवली गेलेली मुलं पुढे बारीक होत नाहीत. लपून खाणं, उपाशी राहणं आणि मग अधाशासारखं खाणं यांचा धोका मात्र वाढतो. पलंगाखाली रिकामी वेष्टनं सापडू लागली की तुमचं प्रबोधन पोचलं असं समजा.

एक मोठा धोका लक्षात असू द्या: काही न उतरवताही हे मूल सुधारू शकतं. वरचाच मुलगा घ्या. वजन ३४ किलोवर नुसतं थांबवलं आणि उंची वर्षाला सहा सेंटिमीटर वाढली, तर नवव्या वर्षी बीएमआय १८.४ होतो आणि दहाव्या वर्षी, १४२ सेंटिमीटरला, १६.९. म्हणजे पूर्ण निरोगी टप्प्यात. साखरेची पेयं बंद, जेवण एकत्र, रोज तासभर खेळ आणि वेळेवर झोप एवढ्यावर, मूल वाढीत असेल तर, हे जमून जाण्याची शक्यता असते. तेव्हा असल्या संथ गोष्टीत अडकू नका; महिन्यात पाच किलोचं लक्ष्य ठेवा. दुसऱ्या आठवड्यात सगळे चिडतील, तिसऱ्यात पथ्य मोडेल आणि ‘आम्ही सगळं करून पाहिलं’ हे वाक्य तुमच्या हक्काचं होईल. वजन फारच जास्त असेल तर ते थोडं थोडं उतरवावं लागतं, आणि ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

डॉक्टरांकडे गेलातच तर ‘तो काहीच खात नाही हो’ने सुरुवात करा. तीन दिवसांची खाण्याची वही मागितली तर आजीने दिलेलं, शाळेच्या दारात घेतलेलं आणि सगळी पेयं गाळून लिहा. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ साली सांगितलं की, उपचाराचा उपयोग दिसायला ३ ते १२ महिन्यांत मिळून किमान २६ तास तरी कुटुंबाबरोबर प्रत्यक्ष काम व्हावं. तुम्ही पंधरा मिनिटं दिलीत, तेवढी पुरेत. पुढची तारीख परीक्षेनंतरची मागून घ्या. परीक्षा झाली की सुट्टी, सुट्टीत पाहुणे, पाहुण्यांत पथ्य कुठलं. शाळा उघडली की बघू. तोवर गणवेश एक माप मोठा घेऊन ठेवा.