मंगळावरून काहीही येत नाही, फोन चालू ठेवा

‘आज रात्री १२.३० ते ३.३० मोबाईल बंद करून अंगापासून लांब ठेवा. मंगळावरून निघालेले कॉस्मिक किरण पृथ्वीजवळून जाणार आहेत. नासा, बीबीसीवर खात्री करा.’ हा मेसेज कित्येक वर्षं फिरतोय. परवा मावशीनं तो वाचून फोन बंद केला आणि हॉस्पिटलात काकांजवळ थांबलेला मावसभाऊ रात्रभर तिला फोन लावत बसला. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘मंगळावरून.’ मंगळ हे किरण सोडत नाही, तोच त्यांचा मारा खातो. कॉस्मिक किरण म्हणजे खरं तर प्रचंड वेगानं धावणारे, विद्युतभार असलेले कण. बहुतेक सूर्यमालेच्या बाहेरून येतात. नासाच्या, मंगळावर फिरणाऱ्या क्युरिऑसिटी गाडीवर २०१२ पासून ‘रॅड’ नावाचं दीडेक किलोचं यंत्र तिथं ते मोजतंय, आणि त्याचं तोंड आकाशाकडे आहे. आत सिलिकॉनच्या पातळ चकत्या एकाखाली एक, त्याखाली सीझियम आयोडाइडचा स्फटिक. चकतीतून जाताना कण थोडी ऊर्जा टाकतो. वेग तोच असेल, तर कणाचा विद्युतभार दुप्पट झाला की टाकलेली ऊर्जा चौपट. उरलेली स्फटिकात. दोन्ही आकडे जुळवले की कण हायड्रोजनचा की लोखंडाचा हे कळतं. बाजूनं घुसलेला कण हिशेब बिघडवणार, म्हणून भोवती चमकणाऱ्या प्लास्टिकचं कवच असतं. ते चमकलं की ती नोंद बाद. काय मोजायचं नाही हे आधी ठरवणारी ही रचना मला फार आवडते.

‘१२.३० ते ३.३०.’ किरणांना वेळापत्रक नाही. आकाशगंगेतली चुंबकीय क्षेत्रं त्यांना इतकं भरकटवतात की ते सगळ्या दिशांनी, अहोरात्र येतात. त्यांच्यामुळे वरच्या हवेत तयार झालेले म्युऑन नावाचे सूक्ष्म कण आत्ताही तुमच्या तळहातातून मिनिटाला शंभरच्या आसपास जातायत. वेळेचंच म्हणाल, तर मुंबईच्या टीआयएफआरनं (टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं) १९८५ मध्ये नासाच्या चॅलेंजर यानातून हे किरण टिपणारा ‘अनुराधा’ हा प्रयोग पाठवला होता. त्यात सीआर-३९ चे थर होते. चष्म्याच्या काचा करतात तेच प्लास्टिक. कण गेला की आत इजा होते आणि नंतर रसायनात बुडवलं की तिथं सूक्ष्म खड्डा दिसतो. पण प्लास्टिकला घड्याळ कुठून? म्हणून थरांचे दोन गठ्ठे एकावर एक ठेवून त्यातला एक हळूहळू फिरवत ठेवला. वरची आणि खालची खूण किती सरकली, त्यावरून कण कधी शिरला ते कळे.

‘नासावर खात्री करा.’ जरूर करा. रॅडची मोजमापं सगळ्यांना खुली आहेत.

‘मोबाईल बंद.’ म्युऑन घराचा स्लॅब भेदून येतो. फोन चालू आहे की बंद, यानं त्याला काहीच फरक पडत नाही. मावशी, फोन उशाशी ठेव आणि चालू ठेव. काका अजून हॉस्पिटलातच आहेत.