रिकाम्या तेलविहिरी म्हणजे कार्बनची तयार गोदामं नव्हेत

"तेल काढून रिकाम्या झालेल्या विहिरी जगभर पडून आहेत. कारखान्यांतला कार्बन डायऑक्साइड त्यांतल्या कुठल्याही विहिरीत सोडा, प्रश्न मिटला. तेल लाखो वर्षं टिकलं, मग हाही टिकेल. जागा शोधत बसणं हा वेळकाढूपणा." हा दावा सध्या भरपूर फिरतोय. कार्बन जमिनीखाली साठवायलाच हवा, असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच हे खोडून काढणं गरजेचं आहे.

"रिकाम्या" विहिरी: खाली पोकळी नसतेच. तेल असतं ते वालुकाश्मासारख्या खडकातल्या बारीक छिद्रांत, आणि ते निघालं की बऱ्याच ठिकाणी खारं पाणी आत शिरतं. वायू सोडायचा तर हे पाणी सरकायला हवं. ते सरकलं नाही तर दाब चढतो. नॉर्वेच्या स्नोव्हिट प्रकल्पात २००८ साली वायू जमिनीखाली सोडायला सुरुवात झाली, दाब अपेक्षेपेक्षा लवकर वाढला आणि २०११ मध्ये दुसरा थर वापरावा लागला. मुळात पहिला थर खाऱ्या पाण्याचाच होता, तेलाचा नव्हे.

"कुठल्याही" विहिरीत: साधारण ८०० मीटरखाली दाब आणि तापमान इतकं असतं की हा वायू द्रवासारखा दाट होतो. त्याहून उथळ थरात तो कितीतरी जास्त जागा खातो. अशा विहिरी तिथेच बाद.

"तेल लाखो वर्षं टिकलं, मग हाही टिकेल": या मुद्द्यात तथ्य आहे. वरचा अभेद्य खडक तिथे पारखलेला असतो. पण त्याच खडकाला आपण भोकं पाडलीत! जुन्या विहिरींचं सिमेंट कसं भरलं, याच्या नोंदी अनेकदा अपुऱ्या असतात. शिवाय पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड आम्लधर्मी होतो आणि सिमेंट, पोलाद दोन्ही हळूहळू खातो. अल्जीरियातल्या इन सालाह साठवण प्रकल्पात २००७ साली वायू वर आला तो एका जुन्या शोधविहिरीतूनच. ती बुजवली. पुढे उपग्रहांच्या मोजणीत जमीन दरवर्षी काही मिलिमीटरांनी उचलली जाताना दिसली, वरच्या खडकाबद्दल शंका आली आणि २०११ मध्ये काम थांबलं.

"वेळकाढूपणा": उत्तर समुद्रातल्या स्लाइपनर साठवण प्रकल्पात १९९६ पासून बरीच वर्षं दरवर्षी जवळपास १० लाख टन कार्बन डायऑक्साइड साठवला गेला. तोही खाऱ्या पाण्याचा थर आहे: जाड, भरपूर सच्छिद्र, वर शेल या चिखलापासून बनलेल्या दाट खडकाचं झाकण. वायू कुठवर पसरलाय हे तिथे भूकंपीय सर्वेक्षणं (खाली ध्वनिलहरी सोडून केलेली तपासणी) पुन्हा पुन्हा करून पाहतात. थराची जाडी, भेगा, दाब, जुनी भोकं यांचा हिशोब आधी मांडायला काही वर्षं लागतात, आणि ती द्यायलाच हवीत.