स्वॅप बदलल्याने डिस्क मरत नाही, आणि एफएसटॅब तर मुळीच उडवू नका

काल रात्री सव्वाअकराला भाच्याचा फोन. मेडिकल चौकाजवळ खोली करून राहतो. "मामा, लॅपटॉप गेला. फॉरमॅटच मारतो आता." काहून बे, म्हटलं, तर त्याने एक मेसेज पाठवला. त्यांच्या ग्रुपवर दोन दिवसांपासून फिरतोय, नंतर मला आणखी दोघांकडून आला. त्यात लिहिलंय: स्वॅप पार्टिशन (रॅम कमी पडली की वापरायचा डिस्कचा भाग) बदललं की लिनक्सची डिस्क करप्ट होते, एफएसटॅब फाईल (बूट होताना कोणतं पार्टिशन कुठे जोडायचं याची यादी) डिलीट करा, लिनक्स नवी बनवून घेतो, नाही जमलं तर ग्रब (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम) पुन्हा टाका, शेवटी फॉरमॅट. वर, ८ जीबी रॅम असेल तर स्वॅप लागतच नाही.

पोराचा सहा महिन्यांचा प्रोजेक्ट त्या डिस्कवर होता, बॅकअप नाही. म्हणून हे लिहितोय.

डिस्क करप्ट झालेली नसते. त्याने जुनं स्वॅप काढून लहान केलं. नव्याने एमकेस्वॅप (स्वॅप तयार करणारी कमांड) चालवलं की पार्टिशनला नवा यूयूआयडी, म्हणजे ओळखीचा नंबर, मिळतो, पण जुना नंबर एफएसटॅबमध्ये तसाच राहतो. लिनक्स बूट होताना त्या जुन्या नंबराला शोधत बसतो. भाच्याच्या पडद्यावर 'गेव्ह अप वेटिंग फॉर सस्पेंड/रिझ्यूम डिव्हाइस' येऊन गेलं, मग 'अ स्टार्ट जॉब इज रनिंग', आणि पुढे सेकंद मोजणं सुरू, मर्यादा दीड मिनिट. हा गडी दर वेळी अर्ध्या मिनिटात पॉवर बटण दाबून धरत होता! म्हटलं, बटणावरचा हात काढ आणि थांब. दीड मिनिट उलटलं आणि लॉगिन आलं.

आता एफएसटॅब उडवण्याचा सल्ला. हा ज्याने लिहिला त्याने ती फाईल कधी उघडून पाहिलेली नाही. तिच्यात स्वॅपची एक ओळ असते. बाकीच्या रूट (लिनक्सचं मुख्य पार्टिशन), होम (तुमच्या फाईली), ईएफआय (बूटच्या फाईली) यांच्या. उबंटूत ग्रब रूटला आधी फक्त वाचण्यापुरतं जोडायला सांगतो, आणि एफएसटॅबमधली ओळ वाचून मग ते लिहिण्याजोगं होतं. फाईलच नसेल तर रूट वाचण्यापुरतंच अडकू शकतं, वेगळं होम पार्टिशन जोडलंच जात नाही, आणि माणसाला वाटतं आपल्या फाईली गेल्या. लिनक्स ही फाईल आपोआप नवी बनवत नाही. इन्स्टॉलरने एकदा लिहिली, पुढे ती तुमची जबाबदारी.

करायचं ते एवढंच. 'सुडो ब्लकआयडी' देऊन नवा यूयूआयडी पाहायचा आणि एफएसटॅबमधल्या स्वॅपच्या ओळीत तो टाकायचा. फाईलची प्रत आधी काढून ठेवा. दुसरी जागा लोक विसरतात: इनिट्रामएफएस (बूटच्या सुरुवातीला चालणारं छोटं लिनक्स) बनवणाऱ्या इनिट्रामएफएस-टूल्सच्या कॉन्फ.डी फोल्डरातली 'रिझ्यूम' नावाची फाईल. तिथेही जुना नंबर असेल तर बदला, आणि मग 'अपडेट-इनिट्रामएफएस -यू' चालवा. डेबियनच्या इनिट्रामएफएस.कॉन्फच्या मॅन्युअल पानावर स्वच्छ लिहिलंय की रिझ्यूम 'नन' ठेवलं तर डिस्कवरून रिझ्यूम होणं बंद होतं. हायबरनेट (रॅममधलं सगळं डिस्कवर ठेवून लॅपटॉप पूर्ण बंद करणं) वापरत नसाल तर तेच ठेवा.

ग्रबचं थोडं खरं आहे, मान्य. फेडोरा किंवा रेड हॅटवर स्वॅप एलव्हीएममध्ये (डिस्कची जागा व्हॉल्यूममध्ये वाटणारी सोय) असेल तर त्याचं नाव ग्रब कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) देतो त्या ओळीत 'आरडी.एलव्हीएम.एलव्ही' म्हणून असतं. ते व्हॉल्यूम काढलं की ड्रॅकट (तिथला इनिट्रामएफएस बनवणारा प्रोग्राम) वाट पाहून इमर्जन्सी शेलमध्ये, म्हणजे नुसत्या कमांड टाकायच्या पडद्यावर, सोडतो. पण तेव्हाही ग्रब पुन्हा टाकायचं नसतं. मेनूत 'ई' दाबून तेवढा शब्द काढायचा, कंट्रोल-एक्सने बूट करायचं, मग 'ग्रबी' कमांडने सगळ्या कर्नलच्या ओळींतून तो शब्द कायमचा काढायचा.

फॉरमॅटबद्दल बोलायचीही गरज नाही. ८ जीबीचं म्हणाल तर साध्या वापरात स्वॅपशिवाय चालतं खरं, पण हायबरनेट करायचं असेल तर ते लागतंच. उबंटू १७.०४ पासून नव्या इन्स्टॉलमध्ये वेगळ्या पार्टिशनऐवजी स्वॅप फाईल देतो, तिथे यूयूआयडीचा हा घोळच होत नाही.

साडेबाराला भाच्याने रीस्टार्ट केला. ना थांबणं, ना मोजणं. "मामा, सरळ लॉगिन आलं," म्हणाला. त्याच्या ग्रुपवर तो मेसेज ज्याने टाकला, त्याने आज तो काढून टाकावा.