पुन्हा तेच ‘इलिगल इन्स्ट्रक्शन’!

तिसऱ्यांदा तेच! आमच्या सामायिक क्लस्टरच्या (अनेक जोडलेल्या संगणकांच्या) लॉगिन नोडवर, म्हणजे जिथे आपण लॉगिन करतो त्या यंत्रावर, सगळं नीट कंपाइल होतं, चाचण्याही पास होतात. मग प्रत्यक्ष गणना करणाऱ्या कंप्यूट नोडसाठी जॉब टाकायचा, रात्रभर रांगेत थांबायचं, आणि सकाळी बघावं तर पहिल्याच सेकंदाला ‘इलिगल इन्स्ट्रक्शन’, म्हणजे प्रोसेसरला न कळणारी आज्ञा आली म्हणून प्रोग्राम बंद. कारण काय, तर लॉगिन नोडच्या प्रोसेसरला एव्हीएक्स-५१२ (वेगवान गणितासाठीच्या जादा आज्ञा) कळतं, कंप्यूट नोडच्या नाही, आणि बिल्ड स्क्रिप्टमध्ये ‘मार्च=नेटिव्ह’ (ज्या यंत्रावर कंपाइल करतोय त्याच्याच प्रोसेसरसाठी कोड बनव, असं सांगणारा पर्याय) कुठेतरी खोल दडलेलं. अरे, इन्स्टॉलच्या सूचनांत एक ओळ तरी लिहा ना! बरं, तयार बायनरी (आधीच कंपाइल केलेला प्रोग्राम) घ्यावी तर तिला जीलिबसी (लिनक्सची मूलभूत सी लायब्ररी) २.२८ हवं. इथे सेंटओएस ७ ही जुनी लिनक्स प्रणाली, म्हणजे जीलिबसी २.१७, आणि ते बदलणं आपल्या हातात नाही. माझा डेटा आठवडाभर तसाच पडून आहे आणि मी अजून लायब्ररींचे पाथच जुळवतोय!