पेंटर, आबांचा राग जरा कमी करा

आज सांगलीत एका चित्रप्रदर्शनाला गेलो होतो. पाहुणे पाऊण तास बोलले. कलावंतानं पैशामागं धावू नये, कला म्हणजे साधना वगैरे. टाळ्या. खाली उतरले आणि त्याच तोंडानं एका पोराला म्हणाले, "जाता जाता माझं एक स्केच मारून दे की." फुकट! पोरानं मारून दिलंही. करतो काय बिचारा.

डोकं फिरलं. त्यात कालच रशियन लेखक गोगोलची 'पोर्ट्रेट' वाचून संपवलेली. १८३५ ची दीर्घकथा, १८४२ मध्ये त्यानं नव्यानं लिहिलेली. पीटर्सबर्गचा चार्तकोव्ह, घरभाडं थकलेला चित्रकार, शेवटच्या वीस कोपेकांत एका म्हाताऱ्याचं चित्र घेतो. चित्रातले डोळे जिवंत! रात्री स्वप्नात म्हातारा चौकटीतनं उतरून सोनं मोजत बसतो, आणि सकाळी फ्रेममधनं खरंच हजार मोहरा निघतात. मग काय, नवे कपडे, पेपरात स्वतःची तारीफ, दारात श्रीमंतांची रांग. पोरीच्या चेहऱ्यावरची पिवळट छटा आईला नको. लष्करातल्या साहेबाला तोंडावर युद्धदेव हवा. हा घालतो. त्या पोरीची खरी छटा तो आधीच काढून ठेवलेल्या ग्रीक देवीच्या चित्रात उतरवतो, तर तीच आई ते बघून म्हणते, ही माझीच लेक!

इथं मी खो खो हसलो, आणि मग मामा आठवला.

मामाचं दुकान गणपती पेठेत होतं. फोटोवर चौकटी आखून तो ऑइलमध्ये पोर्ट्रेट करायचा. एक गिऱ्हाईक वारलेल्या वडिलांचा फोटो घेऊन आलं. पहिल्या खेपेला, "पेंटर, जरा गोरं करा." दुसऱ्या खेपेला सोनेरी काड्यांचा चष्मा. तिसऱ्या खेपेला, "आबांचा राग जरा कमी करा. डोळे प्रेमळ पाहिजेत." मामा म्हणाला, करतो की.

लोक चार्तकोव्हला नावं ठेवतात. ठेवा. त्याच्यावर कुणी जबरदस्ती केली नव्हती, आणि शेवटी दुसऱ्यांची उत्तम चित्रं विकत घेऊन फाडत बसतो ते पाप त्याचंच, मान्य. पण मला विचाराल तर त्या गोष्टीतलं भूत फ्रेममध्ये नाहीच. ते रांगेत उभं आहे, हातात फोटो घेऊन. आणि आज तर माईक घेऊन होतं!

जाऊ दे. चहा घेऊन आलो, आता जरा बरं वाटतंय.

आबांचं पोर्ट्रेट घरी गेलं. म्हातारीनं बघितलं आणि विचारलं, "हे कोण?" मुलानं चिडून मामाचे पाचशे रुपये कापले. बिघडवलं कुणी आणि कापलं कुणाचं!

चार दिवसांनी म्हातारी एकटीच रिक्षानं दुकानात आली. म्हणाली, "रागीटच काढा. मी तसंच बघितलंय त्यांना जन्मभर." मामानं पुन्हा डोळे रंगवले. मी शेजारी बसून ब्रश धुत होतो. म्हातारी बराच वेळ बघत उभी राहिली, मग नकळत डोक्यावरचा पदर सारखा केला.

मामानं पैसे पूर्ण घेतले. कापलेल्या पाचशेसकट.