अर्धपुतळा म्हणजे अर्धं काम? जरा बिंदू चौकात जाऊन या

परवापासून चार ग्रुपवर तोच मेसेज फिरतोय. 'पुतळा माणूस गेल्यावरच उभारतात, हल्ली फोटो मशीनमध्ये टाकला की चेहरा तयार मग शिल्पकाराला लाखो रुपये कशाला, आणि अर्धपुतळा म्हणजे फंड संपला की केलेली तडजोड.' कोल्हापूरची माणसंच हे फॉरवर्ड करायला लागली म्हणून लिहितोय, नाहीतर सोडून दिलं असतं.

माणूस गेल्यावरच म्हणे! अहो बिंदू चौकातून रोज जाता ना? तिथला बाबासाहेबांचा पुतळा ९ डिसेंबर १९५० चा, भाई माधवराव बागलांनी पुढाकार घेऊन शेजारी महात्मा फुल्यांच्या पुतळ्यासकट बसवलेला, आणि बाबासाहेब गेले १९५६ साली. म्हणजे सहा वर्षं आधीच पुतळा उभा होता. बरं, मुंबई इलाख्याचा इंग्रज गव्हर्नर होता त्या विल्सनचा इथला पुतळा जयाबाई हवीरे आणि भागीरथीबाई तांबट या दोघींनी १९४२ साली विद्रूप केला तो विल्सन तरी कुठं मेला होता, तो १९५५ पर्यंत जिवंत होता. त्याच जागी, म्हणजे आजच्या शिवाजी चौकात, पुढं १९४५ साली बाबूराव पेंटरांनी घडवलेले शिवाजी महाराज आले.

आता मशीन. यात थोडं खरं आहे, मोठ्या पुतळ्याचा थर्माकोलचा ढाचा हल्ली मशीनवर कापतात. पण त्यावर माती हातानंच चढते. आणि फोटो सपाट असतो हो, त्यात कानामागचा भाग, मानेची जाडी, डोक्याची मागची बाजू काहीच नसतं, मग शिल्पकार घरच्यांकडं बाजूनं काढलेला फोटो मागतो, तो बहुतेक नसतोच. त्यात पुतळा बसणार चौथऱ्यावर, बघणारा खाली, म्हणून समोरून बरोबर दिसणारा चेहरा खालून बघितला की नुसती हनुवटी आणि नाकपुड्या दिसतात, ते आधीच सांभाळून घ्यावं लागतं. उघड्यावर पुतळा लहान दिसतो, म्हणून तो माणसापेक्षा थोडा मोठाच करतात. मातीचं मॉडेल सरकारच्या कला संचालनालयाकडून पास करून घ्यायचं, तिथं नाक बदला म्हणाले की परत माती. मग साचा, मेण, मेण वितळवून त्या जागी ओतकाम. धातूही साधा नाही, सर्रास वापरतात त्यात ८५ टक्के तांबं आणि कथील, जस्त, शिसं प्रत्येकी ५ टक्के. तो गार होताना आकसतो, जोड दिसतात, ते घासून पुसून रंग चढवेपर्यंत चेहरा हातातून गेला तर सगळं गेलं.

राहिला अर्धपुतळा. शिवाजी चौकातला तो महाराजांचा पुतळाही अर्धपुतळाच आहे, मॅच जिंकली की अख्खं गाव तिथंच गोळा होतं, कुणाला कधी अर्धा वाटला? पूर्ण पुतळ्यात घोडा असतो, तलवार असते, उभं राहायची ऐट असते, चेहरा थोडा चुकला तरी लोक ओळखतात. अर्धपुतळ्यात चेहरा सोडून लपायला जागाच नाही. धातू कमी लागतो हे मान्य, तेवढे पैसे वाचतात. चेहऱ्याची मेहनत तेवढीच पडते, तिचे निम्मे पैसे कुठल्या हिशोबानं देणार?