पावसाळ्यात पडणारा आरसीसीबी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. घरातला डीबी (विजेचे सगळे खटके असतात ती पेटी) कसा निवडावा या माझ्या लेखावर तुम्ही मोकळेपणाने टीका केलीत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. चांगल्या कंपनीचे एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारे खटके) बसवले की पुरे, आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा खटका) सांगून मी लोकांना उगाच घाबरवतो आणि खर्चात पाडतो. तुमच्या चिपळूणच्या घरी आरसीसीबी जून लागला की रोज पडायचा, म्हणजे आपोआप बंद व्हायचा. शेवटी वायरमनने तो बायपास करून दिला, म्हणजे त्याला वगळून थेट वायर जोडली, आणि दोन पावसाळे सुखात गेले. गीझरचा १६ अँपिअरचा एमसीबी पडायचा, तिथेही ३२ चा टाकल्यावर कटकट संपली.

खर्चाचं बाजूला ठेवू. या बायपासने माझी झोप उडवली आहे.

एमसीबी वायरीला वाचवतो, माणसाला नाही. मानकाप्रमाणे १६ अँपिअरचा एमसीबी १८ अँपिअरपर्यंत तासभर पडतच नाही, पडूही नये. ओल्या हातापायांच्या माणसाला २३० व्होल्टचा शॉक बसतो तेव्हा अंगातून साधारण पाव अँपिअर करंट जातो. म्हणजे एका ६० वॉटच्या पिवळ्या बल्बएवढा. एमसीबीला ते जाणवतही नाही, आणि माणूस तेवढ्यात जातो. कंपनी कितीही नावाजलेली असो, यात फरक पडत नाही. आरसीसीबी वेगळंच काम करतो. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का, हे तो सतत तोलत असतो. घरात लावतात तो ३० मिलिअँपिअरचा असतो. १५ ते ३० मिलिअँपिअरच्या दरम्यान गळती झाली, म्हणजे तेवढा करंट परत न येता दुसरीकडे गेला, की तो तोडतो, तेही सेकंदाच्या काही भागात.

मग तुमच्याकडे तो जूनमध्येच का पडायचा? कारण जूनमध्येच गळती सुरू व्हायची. तो बिघडलेला नव्हता, सांगत होता. माझ्या एका ग्राहकाकडे आम्ही तीन दिवस शोधलं, तेव्हा फाटकावरच्या दिव्याच्या होल्डरमध्ये मुंग्यांनी माती भरलेली सापडली. पाऊस आला की ती भिजायची. कोकणात बाहेरचे दिवे, विहिरीवरचा पंप आणि गीझरचं कॉइल, आधी इथेच बघायचं.

शोधायची रीत सोपी आहे. सगळे एमसीबी खाली, आरसीसीबी वर, मग एकेक एमसीबी चढवत जायचं. ज्याला पडला ते सर्किट दोषी. पण कधी कधी कुठलाही एमसीबी चढवला तरी तो पडतो, आणि इथेच वायरमन हात टेकतात. सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो. न्यूट्रल सगळ्या घराचे जोडलेलेच राहतात. त्यातला एखादा भिंतीत अर्थिंगला टेकला असेल तर एमसीबी खाली करून तो कधीच सापडणार नाही. मेन बंद करून न्यूट्रल पट्टीवरच्या वायरी एकेक सोडवाव्या लागतात. हे वायरमनकडूनच करून घ्या. आणि इन्व्हर्टर असेल तर त्याचा न्यूट्रल आधी तपासायला सांगा. आरसीसीबीच्या पुढच्या बाजूचा फेज आणि मागच्या बाजूचा न्यूट्रल अशी सरमिसळ झाली की तो पडणारच, त्याला पावसाचीही गरज नाही.

आता तो ३२ चा एमसीबी. २ किलोवॅटचा गीझर ९ अँपिअरसुद्धा घेत नाही. मग १६ चा का पडावा? एक तर कॉइल गेलं असेल, नाहीतर एमसीबीचा स्क्रू सैल असेल. सैल जोड तापतो, आतली पट्टीही तापते आणि एमसीबी विनाकारण पडल्यासारखा वाटतो. गीझरला बहुतेक घरांत अडीच चौरस मिलिमीटरची वायर असते. ३२ चा एमसीबी ४६ अँपिअर जाईपर्यंत तासभर थांबू शकतो. तोवर ती वायर भिंतीत भाजत राहील आणि तुम्हाला कळणारही नाही. जाड वायर ओढल्याशिवाय एमसीबी कधीही वाढवू नये. तो आजच १६ चा करून घ्या.

एका बाबतीत मात्र तुमचं बरोबर आहे आणि माझा लेख कमी पडला. सगळ्या घराला एकच आरसीसीबी सांगितला, तर एका ओल्या दिव्यापायी फ्रिजही बंद होतो. माणूस वैतागून बायपास करतो ते यामुळेच. गीझर, वॉशिंग मशीन, पंप आणि बाहेरचे दिवे यांना वेगळा आरसीसीबी द्यावा, किंवा प्रत्येकाला आरसीबीओ (एमसीबी आणि आरसीसीबी दोन्हींचं काम करणारा एकच खटका). म्हणूनच मी १२ वेचा (बारा खटक्यांची जागा असलेला) डीबी सुचवला होता, जागा लागते. लेखात तसा बदल करतो.

कंपनीचा प्रचार करतो, असंही तुम्ही लिहिलंत. मी कुणाकडून पैसे घेत नाही. आयएसआय चिन्ह, त्यावरचा परवाना क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून खरा निघतो का, आणि एमसीबीवर चौकटीत १०००० हा आकडा (शॉर्टसर्किटचा इतक्या अँपिअरपर्यंतचा करंट तो तोडू शकतो) आहे का, एवढं तपासून कुठलाही घ्या. (दुकानदाराने एल अँड टी मागितल्यावर लॉरित्झ नुडसेन दिला तर नकली समजू नका. एल अँड टीचा तो व्यवसाय २०२० मध्ये श्नायडर कंपनीकडे गेला आणि २०२४ मध्ये नाव बदललं.)

दुरुस्तीनंतर आरसीसीबीवरचं टी लिहिलेलं बटण दाबून बघा. दिवे गेले तरच तो कामाचा. तुमच्याकडे गणपतीला सगळी मुलंबाळं जमतात, दारात रोषणाई असते, असं तुम्हीच लिहिलं आहे. ती बायपासची वायर त्याआधी काढून घ्या. गळती सापडत नसेल तर इथेच लिहा, मी तुमच्या वायरमनशी फोनवर बोलेन.